बाईंचा लाल शेरा

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख करून देताना ‘बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, त्यानंतर ख्रिस्ती धर्मशास्त्रात एम.टीएच.’ असे सांगितले गेले आणि मागच्या दोन रांगांत कुजबुज झाली. चहाच्या वेळी तीन प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचलेच. ‘म्हणजे तू आता फादर होणार?’ ‘या वयात कशाला?’ आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, ‘तिथे धर्मांतर कसं करायचं ते शिकवतात का गं?’ आपण एका बाकावर बसून डबा खाल्लेली माणसे. तेव्हा तिन्हींची सरळ उत्तरे देते.

पहिले सोपे आहे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरूची दीक्षा मिळत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ती मिळते, पण मी घेतलेली नाही. मी फक्त शिकले.

दुसऱ्या उत्तराला थोडे मागे जावे लागेल. आमचे घराणे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. वडील मागाठाण्याच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही बोरिवलीत आलो. बोरिवलीत ख्रिस्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर आय. सी. कॉलनी यायची, फ्रॉक आणि इंग्रजी यायचे. माझी आजी नऊवारी नेसायची आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे भाकऱ्या थापताना म्हणायची. आडनावावरून कुणाला काही कळत नसे आणि मीही होऊन सांगत नसे.

ते कळले नववीच्या सहलीत. आठवतंय? सर आपल्याला चालत मंडपेश्वरच्या लेण्यांत घेऊन गेले होते. नटराजाचे शिल्प दाखवले आणि मग बाजूच्या भिंतीवर कोरलेला क्रूस. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्या लेण्याचे चर्च केले, वर मठ बांधला. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, साष्टी मराठ्यांकडे आली. आज तिथे पुन्हा शंकराची पूजा होते. सर हे सांगत होते आणि कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुमच्याच लोकांनी केलं ना हे?’ माझी मान खाली गेली. सर म्हणाले, ‘तिचे पणजोबा तेव्हा नगरकडे ढेकळं फोडत असतील. पण प्रश्न चांगला आहे. धर्म सत्तेबरोबर आला की काय होतं, हे तिनेही विचारावं आणि तुम्हीही.’ विषय तिथेच संपला. माझ्या मनातून मात्र गेला नाही.

पुढे बी.कॉम., बँक, लग्न, मुलगा. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायचे. एकदा सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘शेजारच्या आजी येशूला मानत नाहीत. त्या नरकात जाणार?’ मला लहानपणी जे सांगितले होते तेच मी तिला सांगितले. ती रडायला लागली. त्या शेजारच्या आजी तिला शाळेतून घरी आणायच्या, जेवायला वाढायच्या. त्या रात्री मला झोप आली नाही. उत्तर चूक की बरोबर, हे नंतरचे. मी न तपासलेली नोट पुढे सरकवली होती, आणि बँकेतल्या एवढ्या वर्षांत एक दिवसही मी तसे केले नसते.

२०१३ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी नोकरी सोडली आणि पुण्याच्या एका सेमिनरीत नाव घातले. आधी बी.डी., मग एम.टीएच.; २०१९ ला संपले. पदवी श्रीरामपूरची, असे घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, ‘आपल्या श्रीरामपूरला एवढं मोठं कॉलेज कधी निघालं?’ हे श्रीरामपूर नगरचे नव्हे, कोलकात्याजवळचे. विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढले. ती तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती आणि डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. आजही देशभरातल्या अनेक सेमिनऱ्यांच्या पदव्या श्रीरामपूरच्या सिनेटकडून मिळतात. आपल्याशी त्याचे नाते मात्र जवळचे आहे. याच कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला.

आता तिसरा प्रश्न. तिथे काय शिकवतात? जुना करार, नवा करार, चर्चचा दोन हजार वर्षांचा इतिहास, नीतिशास्त्र, हिंदू धर्म, इस्लाम. त्या इतिहासात मंडपेश्वरसारखी अनेक पाने आहेत आणि ती गाळून पुढे जाता येत नाही. शिवाय हिब्रू आणि ग्रीक. माझ्या वर्गात नागालँड, मिझोराम, केरळ इथली पंचविशीतली मुले होती आणि वसतिगृहात मला सगळे ‘आंटी’ म्हणायचे. ग्रीकच्या तासाला मात्र आंटी पुढे असायची. लोगोस, लोगू, लोगो, लोगोन असे शब्द चालवायला लागल्यावर मला आपला आठवीचा वर्ग आठवला. ग्रीक क्रियापदाचा एक प्रयोग बाकीच्यांना काही केल्या उमगेना, आणि मला तो आत्मनेपदाचा भाऊ वाटला. हिब्रूत हात, डोळे अशा जोडीच्या वस्तूंना द्विवचन असते. तेही ओळखीचेच! आपल्या शाळेतले संस्कृत पुढे कशाला उपयोगी पडते, असे ज्यांना वाटत होते, त्यांनी हे लिहून ठेवावे.

एम.टीएच.ला प्रबंध असतो. मी दोन माणसे घेतली. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून गोव्याला आलेला जेझुइट. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, मराठीत, ओवीत. स्वर्गासाठी तो बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतो. आणि पंडिता रमाबाई. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई केडगावला हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणते आणि असे जड शब्द जाणूनबुजून टाळते, कारण खेड्यातल्या बाईला ते वाचता यावे आणि त्यातून दुसरेच काही कळू नये. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते छापले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. एकाने लोकांच्या ओळखीचा शब्द घेतला, दुसरीने ओळखीचा शब्द फसवेल म्हणून सोडला. देवाबद्दल बोलायचे तर शब्द कुणाचा वापरायचा, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता.

प्रबंध घेऊन मी आपल्या मराठीच्या बाईंकडे गेले. दहा-बारा पाने वाचून त्यांनी चष्मा काढला. ‘इंग्रजी मला कळतं गं. पण हे तू बोलतेयस असं वाटत नाही.’ मराठीच्या शब्दांवरचा प्रबंध मी इंग्रजीत लिहिला होता, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

२०२१ च्या उन्हाळ्यात बाईंचा मुलगा गेला. करोनाची दुसरी लाट. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. निर्बंध उठल्यावर मी भेटायला गेले. बाई म्हणाल्या, ‘लोक येतात. कुणी म्हणतं पूर्वकर्म, कुणी म्हणतं देवाला चांगली माणसं हवी असतात. तू तर सहा वर्षं हेच शिकलीस. सांग, त्याचं काय चुकलं होतं?’

माझ्याजवळ पदवी होती. ऑगस्टीनपासून आजपर्यंत कुणी काय म्हटले, हे परीक्षेत लिहून आले होते. तोंडातून शब्द फुटला नाही. बराच वेळ बसून राहिले. त्यांनीच चहा केला. निघताना मी एवढेच म्हटले, ‘बाई, काही चुकलं नव्हतं. बाकी मला माहीत नाही.’

नंतर त्यांनीच फोन करून विचारले, तुमच्या ग्रंथात यावर काही नाही का? मग मी त्यांना ईयोबाची गोष्ट सांगितली. बेचाळीस अध्यायांचा ग्रंथ. ईयोब सज्जन माणूस. त्याची मुले जातात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात. तोवर ते खरे मित्र. मग बोलायला लागतात: तुझेच काही चुकले असणार, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब ऐकत नाही, देवाशी भांडतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो. ‘का’चे उत्तर तोही देत नाही. पण रागावतो तो मित्रांवर, आणि म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. भांडणारा!

बाई फोनवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तुकोबाही भांडला. दुष्काळात बायको गेली, पोरगा गेला, तरी भांडत राहिला. हे मराठीत लिही. कुणालाही वाचता येईल असं.’

मी ईयोबावर लहानसे पुस्तक लिहायला घेतले. पहिले प्रकरण बाईंना वाचायला दिले. आठवड्याने कागद परत आले, लाल शाईत. आपल्या निबंधांच्या वह्यांतला त्यांचा शेरा तुम्ही कुणीच विसरला नसाल: ‘हा शब्द कुणाच्या तोंडी आहे?’ पाटलाच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली की समासात हा शेरा ठरलेला. मी एका वाक्यात ‘दुःखाचे प्रयोजन’ असे लिहिले होते. बाईंनी ‘प्रयोजन’ खोडले होते आणि समासात, हात कापत असलेल्या अक्षरात, तोच शेरा होता.

तो शब्द कुणाच्या तोंडी आहे? ईयोबाच्या नाही. मित्रांच्या तोंडी आहे. सहा वर्षे शिकून मी त्या मित्रांच्या बाजूला जाऊन बसले होते, आणि बाईंनी मला उठवून ईयोबाशेजारी बसवले. देवाबद्दलचे वाक्य नुसते बरोबर असून भागत नाही. ते कोण म्हणतो आणि कुणाला म्हणतो, हेही पाहावे लागते. त्या रविवारच्या वर्गातल्या मुलीला मी जे सांगितले, त्यावरही हाच शेरा पडायला हवा होता. ती मुलगी आता मोठी झाली आहे. मी तिला शोधून काढले आणि माफी मागितली. तिला तो प्रसंग आठवत नव्हता. मला आठवत होता.

२०२३ मध्ये बाई गेल्या. पुस्तकाची तीन प्रकरणे त्यांनी तपासली, उरलेली चार माझी मलाच तपासावी लागत आहेत. कागद समोर घेतला की समासात आधी पेन्सिलीने त्यांचा शेरा लिहिते आणि मग वाचायला लागते.

‘या वयात कशाला?’ याचे उत्तर यात आले असावे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत असे काही घडले असेल त्यांनी मला फोन करावा. उत्तर देणार नाही. येऊन बसेन, आणि चहा या वेळी मी करीन.