पोच



 या संमेलनाच्या दोन दिवसांत नव्या साधनांविषयी पुष्कळ ऐकायला मिळेल. मी बोलणार आहे ते आपण पाठवल्या असं समजतो त्या ईमेलांविषयी.

काही वर्षांपूर्वी एका मराठी मासिकाच्या वर्गणीदारांचं काम माझ्याकडे होतं. वर्गणी संपायच्या तीस दिवस आधी एक, सात दिवस आधी एक आणि संपण्याच्या दिवशी एक अशा तीन ईमेल आपोआप जात. ती व्यवस्था मी स्वतः बसवली होती. एके दिवशी सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचा मासिकाच्या कचेरीत फोन आला. ‘‘बावीस वर्षं अंक घेतोय. यंदा वर्गणी संपली तर कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही नकोसे झालो का?’’ व्यवस्थापकांनी दुसरंच काहीतरी बोलताना हे मला सहज सांगितलं.

मी डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं होतं. डिलिव्हरी नेहमीसारखी नव्याण्णव टक्क्यांवर, ओपन रेट गेल्या वर्षीइतकाच. एकही एरर नाही. मग रोज किती ईमेल गेल्या ते पाहिलं. जिथं रोज तीस-पस्तीस जायच्या तिथं तीन-चार जात होत्या, आणि हे अकरा आठवडे चाललं होतं. मासिकानं हिशेबाचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुन्या वर्गणीदारांची मुदत संपण्याची तारीख नव्या रकान्यात गेली होती आणि आमचा ट्रिगर जुन्याच रकान्यात बघत होता. तो रोज पहाटे उठायचा, वेबसाइटवरून आलेले तीन-चार नवे वाचक त्याला सापडायचे, त्यांना ईमेल जायची आणि नोंद व्हायची: काम यशस्वी. जे वीस-बावीस वर्षं सोबत होते, नेमके तेच गळाले.

त्या दिवसापासून टक्केवारीवरचा माझा विश्वास उडाला. शंभर जणांपैकी तीस जणांनी ईमेल उघडली तरी तीस टक्के, आणि दहांपैकी तीन जणांनी उघडली तरी तीस टक्केच. छेद आक्रसला तरी भागाकार तसाच राहतो, आणि आपले अहवाल मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भागाकारांनीच भरलेले असतात. किती ईमेल जायला हव्या होत्या, हा आकडा मी आजवर फार थोड्या अहवालांत पाहिला आहे.

चूक घडली तर कळेलच, असं आपण गृहीत धरतो. काही चुका कळतातही. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेकडून चाचणीची एक रिकामी ईमेल खऱ्या ग्राहकांना गेली. बघता बघता जगभर गाजावाजा झाला. कंपनीनं चूक कबूल केली, एका इंटर्नच्या हातून ती घडल्याचं सांगितलं, आणि अनोळखी लोकांनी त्या इंटर्नला धीर देणारे संदेश लिहिले. ती ईमेल लोकांच्या हातात पडली होती, म्हणून त्यांना बोलता आलं. जी आलीच नाही तिच्याविषयी तक्रार कोण करणार? सांगलीच्या गुरुजींनी केली, कारण त्यांचा त्या अंकावर जीव होता. बाकीच्यांनी मनातल्या मनात आपल्याला सोडून दिलं असणार.

आपल्यापैकी ज्यांनी रजिस्टर एडी केली असेल त्यांना ते परत येणारं कार्ड आठवत असेल. त्यावर घेणाऱ्याची सही असे. मराठीत त्याला आपण पोच म्हणतो, आणि पत्र पोचणं आणि पोच मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पोस्टात जाणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. ईमेलला अशी पोच नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे देण्याचे, नियम लिहिले. त्यात समोरचा सर्व्हर २५० हा आकडा देतो, म्हणजे ‘पत्र स्वीकारलं, आता जबाबदारी माझी’. पुढं ते पोचवता आलं नाही तर त्यानं कळवावं, अशी अपेक्षा होती. आज तोच सर्व्हर २५० म्हणतो आणि पत्र स्पॅममध्ये टाकतो, कळवत काहीच नाही. आपल्या अहवालात त्याची नोंद ‘डिलिव्हर्ड’ अशी होते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. या आकड्यातही फसगत आहे. ईमेल एकदा स्पॅममध्येच पडू लागली की तिच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी उरत नाही. परिस्थिती बिघडते तसा तक्रारींचा आकडा सुधारतो, आणि तो सुधारला म्हणून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत.

ओपन रेटविषयी थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं आयओएस १५ बरोबर मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असली की वाचकानं ईमेल उघडली नाही तरी तिच्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि आपल्याकडे ‘उघडली’ अशी नोंद होते. क्लिकही आता निखळ राहिलेले नाहीत. अनेक कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा ईमेलमधला प्रत्येक दुवा माणसाच्या आधी उघडून तपासतात. त्यात अनसबस्क्राइबचा दुवा नुसत्या भेटीनं काम करणारा असेल, तर वाचकाच्या नकळत त्याचं नाव यादीतून जातं. २०१७ मध्ये एका क्लिकच्या अनसबस्क्राइबचं जे मानक आलं, ते हा धोका ध्यानात ठेवूनच केलं आहे. आपल्या ईमेलांत ते आहे की नाही, हे घरी गेल्यावर तपासा.

मराठीत ईमेल लिहिणाऱ्यांनी पुढची गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची ईमेल मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतं. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांना वेगळे तीन. त्यामुळे इंग्रजीत निर्धास्त जाणारं लांबलचक वार्तापत्र मराठीत कापलं जाऊ शकतं. कापला जातो तो तळ. अनसबस्क्राइबचा दुवा तिथंच असतो, बहुतेक वेळा उघडल्याची नोंद करणारं अदृश्य चित्रही तिथंच असतं. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला दार सापडत नाही, म्हणून तो स्पॅमचं बटण दाबतो. ज्यानं आवडीनं वाचलं त्याची नोंद होत नाही, म्हणून आपण त्याला निष्क्रिय समजून यादीतून काढतो. आणि चाचणीची ईमेल आपण दोन ओळींचीच पाठवतो, त्यामुळे हे आपल्याला दिसत नाही.

मग करायचं काय? मी त्या अकरा आठवड्यांनंतर तीन गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक खऱ्या यादीत माझे स्वतःचे काही पत्ते घातले, जीमेलवर, याहूवर, आउटलुकवर. त्या पत्त्यांना वाढदिवस दिले, वर्गणीची मुदत दिली. वाढदिवसाची शुभेच्छा एक दिवस आधी येते, हे मला असंच कळलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, आणि आपली मध्यरात्र त्याच्या लेखी आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. दुसरं म्हणजे, न घडलेल्या गोष्टीची घंटा बांधली. गेल्या चार आठवड्यांत त्याच वारी सरासरी जितक्या ईमेल गेल्या, त्याच्या निम्म्याहून कमी गेल्या तर मला फोनवर संदेश येतो. रविवारीही येतो. तिसरं, अहवाल डोमेनवार फोडला. एकूण ओपन रेट बरा दिसतो आणि एकाच डोमेनवर तो शून्याला टेकलेला असतो, असं मला त्यानंतर दोनदा सापडलं.

यात अवघड तंत्र काही नाही. अडतं ते जबाबदारीवर. मार्केटिंगला वाटतं हे आयटीचं काम आहे, आयटीला वाटतं मजकूर त्यांचा तर जबाबदारीही त्यांची. त्यामुळे प्रत्येक स्वयंचलित ईमेलला, तुमच्याकडे अशा दोनशे असतील तर त्या दोनशेला, एका माणसाचं नाव लावा. तो नोकरी सोडेल त्या दिवशी ते नाव बदला.

शेवटी एक विनंती. आपल्या बहुतेक ईमेल ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून जातात. सांगलीच्या गुरुजींनी फोन करण्याआधी दोन महिने आमच्या जुन्या ईमेलला उत्तर लिहिलं होतं. ते कुणीही न उघडलेल्या खोक्यात पडून होतं. असा पत्ता बंद करा आणि उत्तर वाचायला माणूस बसवा.