तडकलेली काठी



धारणी तालुक्यात सिपना नदीकाठी एका कोरकू मुलाची गळाची काठी मधोमध तडकली. मी म्हणालो, "नवीन आणून देतो." त्याचे आजोबा नुसते हसले. बांबूच्या दोन कामट्या त्यांनी चिरेच्या दोन्ही बाजूंना बसवल्या, वरून मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला आणि काठी नातवाच्या हाती दिली. संध्याकाळी त्याच काठीने मासे घरी आले.

प्रभूने याकोब व योहानाला हाक मारली, तेव्हा तेही तारवात जाळी नीटच करत होते.

मला माझ्या घाईची लाज वाटली. मेळघाटात काही वाटण्याआधी गावाला विचारू या : काय सांधायचे आहे आणि त्यासाठी काय कमी पडते? आमेन.