वेल्सची पक्षिबेटे

ग्रेट ब्रिटनच्या नकाशात वेल्सचे नैर्ऋत्य टोक अटलांटिकच्या दिशेने पुढे सरकलेले दिसते. हा पेम्ब्रोकशरचा प्रदेश. समुद्र येथे तिन्ही बाजूंनी आत शिरला आहे; वाऱ्याला अडविणारी झाडे थोडी आणि लाटांनी कोरलेले कडे पुष्कळ. १९५२ साली ही किनारपट्टी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आली. १९७० साली कड्यांच्या काठाकाठाने जाणारी सुमारे ३०० किलोमीटरांची पायवाट खुली झाली. आणि २०१२ पासून वेल्सचा सगळा किनारा, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर, पायी चालून पाहावयाची सोय झाली आहे.

सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी, पिशवीत शिदोरी आणि गरम चहाची बाटली, अंगात पावसाळी कोट व गळ्यात कॅमेरा अशा थाटात माणसे या वाटेला लागतात. पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि तो आला म्हणून कोणी परतही फिरत नाही. वसंताच्या अखेरीस कड्यांच्या माथ्यावर काटेरी गॉर्सची पिवळी फुले आणि खडकांच्या भेगांतून थ्रिफ्टची गुलाबी फुले उमललेली असतात. तांबड्या चोचीचा, तांबड्या पायांचा एक डौलदार कावळा वाऱ्यावर कोलांट्या घेत जातो. त्याचे नाव चफ. शरद ऋतूत खालच्या निर्मनुष्य पुळणींवर करड्या सील माद्यांची पांढऱ्या लोकरीची पिल्ले पडलेली दिसतात.

या देखाव्याचे छायाचित्र घ्यावे असे कोणालाही वाटेल. परंतु नेमकी येथेच पाहणाऱ्याची परीक्षा सुरू होते. सीलचे पिल्लू जेमतेम तीन आठवडे आईच्या दुधावर असते, आणि तेवढ्या अवधीत त्याला हिवाळी समुद्राला तोंड देण्यापुरती चरबी अंगावर चढवावयाची असते. जवळून चांगले चित्र मिळावे म्हणून कोणी पुळणीवर उतरला, तर आई बिचकून पाण्यात जाते आणि पिल्लाचे दूध चुकते. म्हणून जाणता माणूस कड्याच्या माथ्यावरच गवतात आडवा होतो, आवाज करीत नाही आणि दूरवेधी भिंगातून जेवढे दिसेल तेवढ्यावर समाधान मानतो.

हा धडा पुरता शिकावयाचा तर स्कोमर बेटावर जावे. मार्टिन्स हेवन या लहानशा बंदरातून नाव सुटते आणि वेगवान प्रवाहांची एक अरुंद सामुद्रधुनी ओलांडून थोड्याच वेळात बेटाला लागते. जेमतेम तीन चौरस किलोमीटरांचे हे बेट १९५९ पासून राखीव आहे, आणि दिवसाकाठी अडीचशेच प्रवाशांना तेथे उतरता येते. उतरल्याबरोबर पहिली सूचना मिळते ती पायवाट न सोडण्याची. ती ऐकताना जाचक वाटते. कारण समजले म्हणजे पाऊल आपोआप जपून पडते. या बेटाची जमीन आतून पोखरलेली आहे. पावलापावलावर बिळे आहेत. ती काही सशांची आणि बहुतेक पक्ष्यांची. वाटेबाहेर पडलेले पाऊल वरची माती खचवून खालचे अंडे अथवा पिल्लू चिरडू शकते.

या बिळांचा एक धनी म्हणजे पफिन. काळा कोट आणि पांढरे पोट अशा वेषातला हा वीतभर उंचीचा पक्षी एप्रिलमध्ये येतो आणि जुलैच्या अखेरीस निघून जातो. त्याची रंगीत चोच ही ऋतुकाळापुरती असते. हिवाळ्यात तिचे रंगीत कवच गळून पडते. २०२५ सालच्या मोजणीत स्कोमरवर सुमारे ४३,६०० पफिन आढळले. जोडीचे अंडे एक, पिल्लू एक. त्या एका पिल्लासाठी आईबाप सँडईल नावाचे रुपेरी, बोटभर लांबीचे मासे चोचीत आडवे धरून आणतात. जिभेवरील आणि टाळूवरील काट्यांमुळे आधीचे मासे सुटत नाहीत आणि पुढचे पकडता येतात. हेच ते जगप्रसिद्ध छायाचित्र: चोचभर मासे घेऊन उभा असलेला पफिन. परंतु बिळाच्या तोंडाशी माणूस ठाण मांडून बसला, तर हा पक्षी खाली उतरत नाही. तो घिरट्या घालीत राहतो. तेवढ्यात एखादा कुरव पक्षी झडप घालून मासे हिसकावतो, आणि बिळात पिल्लाचे एक जेवण बुडते. असे चित्र कितीही सुरेख आले, तरी त्याची किंमत पिल्लाने मोजलेली असते. उलट, बाजूला स्वस्थ बसून राहणाऱ्याच्या पायांजवळून पफिन वाट ओलांडून जातो. कधी तो इतका जवळ येतो की दूरवेधी भिंग निरुपयोगी ठरते.

बिळांचा दुसरा धनी दिवसा दिसतच नाही. मँक्स शिअरवॉटर हे त्याचे नाव. स्कोमरवर त्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या असल्याचा अंदाज २०१८ साली करण्यात आला. या जातीची ही जगातील सर्वांत मोठी वसाहत होय. तरीही दुपारच्या नावेने येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला त्याचे पीसही दिसू नये! या पक्ष्याचे पाय शरीराच्या फार मागे असल्यामुळे जमिनीवर तो धड चालू शकत नाही, आणि मोठे कुरव त्याला टिपतात. म्हणून तो अंधार पडल्यावरच घरी येतो. चांदण्या रात्री येणेही टाळतो. अंधाऱ्या रात्री मात्र कर्कश, घोगऱ्या हाकांनी सारे बेट दुमदुमून जाते. मुक्कामास राहिलेले प्रवासी तांबड्या, मंद प्रकाशाचा दिवा घेऊन वाटेवर उभे राहतात. प्रकाशाचा लोळ टाकून छायाचित्र घेणे येथे शिष्टाचारात बसत नाही. बहुतेकांच्या पदरी चित्र पडत नाही. पडतो तो आवाज आणि गालाजवळून गेलेला पंखांचा वारा.

या पक्ष्याचे जीवन उलगडले ते शेजारच्या स्कोकहोम बेटावर. १९२७ साली रोनाल्ड लॉकली नावाचा एक तरुण तेथे राहावयास गेला. सशांच्या कातड्यांवर चरितार्थ चालवावा असा त्याचा बेत होता, तो फसला. परंतु घराभोवतीच्या बिळांशी तो रात्रीमागून रात्री बसून राहिला आणि अंडे उबविण्यास सुमारे ५१ दिवस लागतात इथपासूनच्या नोंदी त्याने केल्या. १९३३ साली त्याने ब्रिटनमधील पहिले पक्षिनिरीक्षण केंद्र तेथे सुरू केले. येथील पक्ष्यांच्या घराच्या ओढीची एक कथा तर अपूर्व आहे. १९५२ साली स्कोकहोमवरील एक शिअरवॉटर अमेरिकेतील बॉस्टन येथे नेऊन सोडण्यात आला. सुमारे पाच हजार किलोमीटरांचा अटलांटिक ओलांडून तो साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला. त्याला सोडल्याची वर्दी देणारे पत्र त्याच्यानंतर पोहोचले!

लॉकलीचे नाव आणखी एका कामाशी जोडलेले आहे. या दोन बेटांपलीकडे ग्रासहोम नावाचा एक खडक आहे. त्यावर गॅनेट पक्ष्यांची इतकी दाटी असते की दुरून तो बर्फाच्छादित भासतो. तेथे ज्यूलियन हक्सली यांच्यासह लॉकलीने १९३४ साली गॅनेटच्या जीवनावर चित्रपट तयार केला आणि पुढे त्याला अमेरिकेतील अकादमीचा पुरस्कार लाभला. आज प्रवाशांना ग्रासहोमवर उतरता येत नाही. नावेतूनच बेटाला वळसा घालून परतावे लागते.

जवळ जाण्याची किंमत कधी पाहणाऱ्यालाही मोजावी लागते. एरिक हॉस्किंग हे गेल्या शतकातील नामांकित पक्षिछायाचित्रकार. १९३७ साली मध्य वेल्समधील एका रानात रात्री ते आपल्या लपणात चढत असता, पिल्लांच्या रक्षणासाठी घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनी पक्ष्यावर राग धरला नाही, आणि उरलेल्या एका डोळ्याने आयुष्यभर पक्ष्यांची चित्रे घेतली.

तथापि एकेकट्या पाहणाऱ्याने राखलेले अंतर पुरेसे पडत नाही, याचाही अनुभव या किनाऱ्याने घेतला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मिलफर्ड हेवनच्या मुखाशी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि सुमारे ७२,००० टन तेल समुद्रात सांडले. हजारो पक्षी मेले. पफिन आणि शिअरवॉटर अद्याप परतावयाचे होते, म्हणून ते वाचले. यात माणसाचे श्रेय काहीच नाही. २०२२ साली पक्ष्यांमधील इन्फ्लुएंझाची साथ ग्रासहोमवर आली, आणि पुढील वर्षीच्या मोजणीत गॅनेटची संख्या निम्म्याहून खाली आलेली दिसली. समुद्रावर तरंगणारे प्लास्टिकचे दोर हे पक्षी शेवाळ समजून घरट्यात आणतात आणि पिल्लांचे पाय त्यात अडकतात. म्हणून शरद ऋतूत काही माणसे मुद्दाम त्या खडकावर उतरतात. त्यांच्या हाती कात्र्या आणि सुऱ्या असतात. अडकलेली पिल्ले एकेक करून सोडविणे हेच त्यांचे काम. वर्षभर त्या बेटापासून दूर राहावयाचे, आणि जावयाचे ते माणसानेच टाकलेला दोर कापावयास.

स्कोमरहून शेवटची नाव परतते तेव्हा उन्हे उतरलेली असतात. कोणाच्या कॅमेऱ्यात शंभर चित्रे असतात, कोणाच्या एकही नसते. दूर समुद्रावर शिअरवॉटरांचे थवे पाण्याला टेकून काळोख पडण्याची वाट पाहत बसलेले असतात. माणसे गेली, कुरव निजले, म्हणजे त्यांचा दिवस सुरू व्हावयाचा असतो. नावेतील प्रवासी त्यांच्याकडे पाहतात, आणि नावाडी थव्यांना लांबचा वळसा घालून नाव किनाऱ्याकडे वळवितो.