साखळी हातात देण्यापूर्वी



मी आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर सावेडीत राहायला आलो, तरी दार वाजलं की कुणाची गाय आटलेली असते, कुणाचं मांजर जेवत नसतं. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी आल्या, त्या मात्र मुलाला घेऊन. मुलगा पंधरा वर्षांचा. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली.

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, याला कुत्री फिरवायचा धंदा करायचाय. भिस्तबागेकडची तीन घरं ठरवूनही आलाय. याचे वडील म्हणतात, एवढं शिकवलं ते कुत्र्यामागं पळायला का? तुम्हीच सांगा, झेपेल का याला?"

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आपल्याकडे पहाटे पेपर टाकून, दुधाचा रतीब घालून शिकलेली माणसं काही थोडी नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. त्या संस्थेच्या शाळा आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. तेव्हा कामाची लाज नको. शिवाय या कामाची गरजही खरी आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशी गेली, त्यांनी हौसेनं आणलेलं कुत्रं मागं राहिलं आणि गुडघे धरलेले आई-वडील ते फिरवू शकत नाहीत, अशी घरं आज प्रत्येक कॉलनीत सापडतील.

वहिनींचा प्रश्न मात्र अवघड होता. झेपेल का?

मुलगा म्हणाला, "काका, मला कुत्री फार आवडतात." मी म्हटलं, "आवडतात हे ठीक. तुझं वजन किती?" पंचेचाळीस किलो. त्यानं ठरवलेल्या तिघांपैकी एक लॅब्रॅडॉर होता. हे कुत्रं पंचवीस ते पस्तीस किलोपर्यंत भरतं. समोरून मांजर पळालं आणि त्यानं हिसका दिला, की साखळी मनगटाला गुंडाळलेला मुलगा तोंडावर पडणार. म्हणून साखळी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची. आणि एका वेळी एकच कुत्रं, तेही आपल्याला आवरेल असं.

मग मोकाट कुत्री. चौकात चार-पाच जणांचं टोळकं अंगावर आलं तर काय करशील? तो म्हणाला, "पळेन." इथंच सगळे चुकतात. पळणाऱ्याच्या मागं कुत्रं लागतंच. साखळी आखूड धरायची, आरडाओरडा न करता उभं राहायचं आणि त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू बाजूला व्हायचं. आपलं कुत्रं उचलून छातीशी धरलं, तर बाकीची त्याच्यासाठी आपल्या अंगावर उड्या मारतात.

तिसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात नगरचं डांबर कसं तापतं, ते अनवाणी चाललेल्याला विचारा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकतच अंग थंड करतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसवलं नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. म्हणजे सकाळी सातच्या आत फिरवून आणायचं. सुट्टीत उठशील साडेपाचला? रोज? आणि रस्त्यावर घाण केली तर उचलशील? यावर मात्र मुलगा जरा थांबला, मग मान हलवली.

कायद्याचंही थोडं सांगतो. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये तो कडक झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामं देता येत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करारही १८७२ च्या करार कायद्यानुसार धरला जात नाही. म्हणून बोलणी आई-वडिलांनीच करावीत. किती पैसे, किती वेळ, कुत्र्याच्या लशी झाल्यात का, ते कुणाला चावलं तर खर्च कुणाचा, हे एका कागदावर लिहून घ्यावं. कमाई मुलाच्या नावावर बँकेत टाकावी. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं.

एवढं सगळं सांगूनही, झेपेल का याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मग मी त्याला माझीच गोष्ट सांगितली.

पारनेर तालुक्यात माझं लहानपण गेलं. आमच्या माळावर धनगरांचे वाडे उतरायचे. दहा-बारा वर्षांची त्यांची पोरं मेंढ्या आणि कुत्री सहज सांभाळायची. मलाही तसं व्हायचं होतं. एकदा घरी न सांगता त्यांच्या कुत्र्याजवळ गेलो आणि पोटरीला दात लागला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं देत. त्या भीतीनं आणि वडिलांच्या माराच्या भीतीनं मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी आईनं पोटरी पाहिली. पुढं चौदा इंजेक्शनं झालीच. मी वाचलो. पुढं शिकल्यावर कळलं, की ते दोन दिवस मी कशाशी खेळत होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले, तर तो टाळता येतो.

आता पोटातली इंजेक्शनं राहिली नाहीत. चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावत बसायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयात दंडावर लस मिळते. खोल जखमेला तिच्याबरोबर सीरमही लागतं. कुत्र्यांचं रोजचं काम करणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून आधीच लस घेतली तर उत्तम. पण हे सगळं केव्हा? मुलानं घरी सांगितलं तर!

धनगराचं पोर पहिल्या दिवसापासून एकटं कळपामागं जात नाही. वर्षानुवर्षं ते बापाच्या मागून चालतं आणि काही बिनसलं की हाक मारायला बाप टप्प्यात असतो. म्हणून आम्ही ठरवलं, की लॅब्रॅडॉर नको, त्याच गल्लीतलं छोटं पॉमेरेनियन घ्यायचं. पहिले आठ दिवस आईनं बरोबर चालायचं. महिनाभर एवढंच.

अकराव्या दिवशी सकाळी मुलगा धावत घरी आला. पट्टा सैल राहिला होता, कुत्रं मान सोडवून पळालं होतं. आई, कुत्रं सुटलं, चूक माझी आहे, असं तो म्हणाला. वहिनींनी मला नंतर सांगितलं, "डॉक्टर, हात उगारला होता मी. पण तुमची पोटरी आठवली." त्यांनी चपला घातल्या, शोधायला निघाल्या. तोवर वडीलही स्कूटर काढून गेले होते. कुत्रं स्वतःच्याच फाटकाशी बसलं होतं. मुलानं मालकिणीला आपण होऊन सगळं सांगितलं. त्यांनी चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साखळी त्याच्या हाती दिली.

त्या दिवशी मी वहिनींना म्हटलं, "झेपेल."

श्रोतेहो, कुत्री फिरवणं असो, पेपर टाकणं असो, नाहीतर दुकानात बसणं. मूल कामाला तयार आहे का, हे त्याच्या हौसेवरून कळत नाही. चूक झाली की ते त्याच दिवशी येऊन सांगतं का, ते पाहावं. आणि ते सांगेल की नाही, हे निम्मं आपल्यावर आहे. आपला हात आधी उगारला जातो, की पाय आधी चपलेत जातो, त्यावर.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)