शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि परकी चिप
(वरवट बकाल येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पारा 45 अंशांकडे धावत असताना तुम्ही लॅपटॉपवरचं व्याख्यान ऐकायला बसलात, म्हणून सुरुवात उन्हापासूनच करतो. चिप वीज खाते आणि खाल्लेल्या विजेची उष्णता करते. ती बाहेर काढायला पंखा हवा, पंख्याला जागा हवी आणि जागा दिली की यंत्र जाड होतं. पंखा काढून पातळ यंत्र बनवलं, तर चिप तापल्यावर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन बसवली की जाडी घटते, थोडी वीजही वाचते. पण चार वर्षांनी ती वाढवता येत नाही. एक पदरात पाडून घ्यायचं तर दुसरं सोडावंच लागतं. काय सोडायचं, हे मात्र बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत बसलेला माणूस ठरवतो.

एकदा मात्र हे उलट्या बाजूनं ठरलं होतं. 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे, खेळण्यासारखे दिसणारे लॅपटॉप पोचले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी प्रकल्पाचं ‘एक्सओ’ नावाचं ते यंत्र. प्रकल्पाचे प्रवर्तक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी ते 100 डॉलरला देऊ म्हटलं होतं. तयार होईपर्यंत किंमत 188 डॉलरवर गेली. आपल्या केंद्र सरकारनं तर 2006 मध्येच या कल्पनेला नकार दिला होता. मुलांच्या हाती यंत्र दिलं म्हणजे शिक्षण झालं, हा प्रकल्पाचा भाबडेपणा मलाही पटत नाही. पण त्याची आखणी! अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती अजूनही उघडून पाहावी.

पंखा नाही, हार्ड डिस्क नाही; आत फिरणारा, झिजणारा भागच नाही. कीबोर्डवर रबराचं सलग आवरण, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नाही. पडदा साडेसात इंचांचा, मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला: भर उन्हात मागचा दिवा बंद करून काळ्या-पांढऱ्यात वाचता येईल असा. शिवाय मुख्य प्रोसेसर झोपला तरी पडद्यावरचं पान तसंच राहायचं, कारण ते धरून ठेवायला वेगळी छोटी चिप होती. बॅटरीचा एक प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा. नेहमीच्या लिथियम बॅटरीपेक्षा वजनाला जड, पण उष्णता जास्त सोसणारा. जादा स्क्रूसुद्धा आतच ठेवलेले! या सगळ्याच्या बदल्यात सोडला तो वेग: 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 256 मेगाबाइट रॅम, म्हणजे त्या काळीही कमीच.

तो प्रोसेसर होता एएमडीचा ‘जिओड’. त्याचं कूळ सायरिक्स कंपनीचं; तिथून तो नॅशनल सेमिकंडक्टरकडे आणि 2003 मध्ये एएमडीकडे आला. अशा दत्तक लेकरावर कंपनीचा जीव किती असणार? 2009 पर्यंत एएमडीनं त्याची पुढची आवृत्ती काढण्याचा विचार सोडून दिला. प्रकल्पाला पुढच्या यंत्रात व्हिया कंपनीची चिप घ्यावी लागली आणि त्याच्या पुढच्यात मार्व्हेलची. इंटेलची तऱ्हा आणखी न्यारी. 2007 च्या जुलैमध्ये ती प्रकल्पात सामील झाली, स्वतःचा ‘क्लासमेट’ लॅपटॉपही विकत राहिली आणि 2008 च्या जानेवारीत भांडून बाहेर पडली. आपल्याकडे संकरित बियाणं दरवर्षी दुकानातूनच आणावं लागतं आणि आवडलेलं वाण कंपनीनं बंद केलं की शेतकऱ्याला विचारतं कोण? चिपचं तसंच आहे.

मग स्वतःची चिप हाती येईपर्यंत थांबायचं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला दाखला शेजारच्या जिल्ह्यातला आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. अमेरिका महासंगणक द्यायला का-कू करत होती, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे, ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे. म्हणजे चिप परकीच! पण अनेक साध्या चिपा एकत्र कामाला लावायची विद्या आपली. पुढे इन्मॉसचा नवा ट्रान्सप्युटर रखडला. ‘परम 9000’ची रचना तोवर अशी केली होती, की वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर त्यात बसावेत. 1998 च्या ‘परम 10000’मध्ये सन कंपनीचे आले, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे. पुरवठादार बदलत गेले, काम चालू राहिलं. मला भटकरांच्या मंडळींचं खरं कर्तृत्व या बदलण्याच्या सोयीत दिसतं. वेगाच्या आकड्यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे.

स्वतःची चिप असणारेही पूर्ण मोकळे नसतात. अ‍ॅपलनं मोटोरोलाची जुनी चिप सोडली, पॉवरपीसी सोडलं (त्याचा जी5 प्रोसेसर इतका तापायचा, की तो लॅपटॉपमध्ये कधी बसलाच नाही), आणि 2020 मध्ये इंटेल सोडून स्वतःची एम1 आणली. ती छापते मात्र तैवानची टीएसएमसी, नेदरलँड्सच्या एएसएमएलची यंत्रं वापरून.

गुजरातेत धोलेऱ्याला टाटांच्या चिपच्या कारखान्याला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा ‘आता लॅपटॉप आपले’ असं पुष्कळांना वाटलं. तो कारखाना 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राचा आहे. लॅपटॉपचे आजचे मुख्य प्रोसेसर त्यात होत नाहीत. पण वीज सांभाळणाऱ्या, पडदा चालवणाऱ्या कितीतरी छोट्या चिपा त्या तंत्रावर होतात आणि त्यांतली एक अडली तरी लॅपटॉप अडतो. करोनानंतरच्या टंचाईत मोटारींच्या कारखान्यांनी हे भोगलं आहे. म्हणून मी धोलेऱ्याला कमी लेखत नाही.

आता जूनमध्ये तुमच्यातले काही जण पोरांसाठी लॅपटॉप घ्यायला अकोल्याला जातील. दुकानदार प्रोसेसरचं नाव आधी सांगेल. ते ऐकून घ्या, आणि मग रॅम वाढवता येते का, बॅटरी स्क्रू काढून बदलता येते की चिकटवलेली आहे, पंखा साफ करता येतो का, हे विचारा. शाळेसाठी एकगठ्ठा खरेदी होणार असेल तर सुट्या भागांचा पुरवठा किती वर्षं, हे करारात लिहून घ्या. चिप कुठली, हे आपल्या हातात नाही. हे एवढं आहे.