पाटावरून उठताना



गावात हळदीकुंकू असते, भजन असते, लग्नाची पंगत असते. जेवणे आटोपतात, बाया उठतात. पण एखाद्या वयस्कर बाई पाटावर तशाच बसून राहतात. कोणी हात दिला तरच त्यांना उठता येते. चारचौघांत हात मागणे जिवावर येते, म्हणून मग त्या हळूहळू जाणेच सोडतात. आमच्या आत्याबाईंचे असेच झाले. अंगाने त्या भारी. सारे म्हणत, "वजन वाढलंय, दुसरं काय!" शहरातल्या मुलाने ताकदीच्या पावडरीचा डबा पाठवला. दोन महिने त्यांनी तो दुधातून नेमाने घेतला. डबा संपला, पण उठणे काही जमेना.

असे का व्हावे, याविषयीच आज थोडे बोलू.

अंग चरबीने भरते तसे स्नायूंनीही भरते. पण आपल्याला उठवतात ते स्नायू. वय वाढते तसे ते झिजत जातात, आणि पाळी गेल्यावर चरबी पोटावर साठू लागते. वरून अंग भरलेले दिसते, म्हणून आतली झीज कोणाच्या ध्यानात येत नाही. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचे दारिद्र्य असा आहे. गाडीत ओझे वाढले आणि बैल मात्र रोडावला, अशी ही गत.

आता त्या डब्याकडे वळू. १९९४ साली अमेरिकेत बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. शंभर अशक्त स्त्री-पुरुष, सरासरी वय ८७ वर्षे. काहींना वजने लावून पायांचा व्यायाम दिला, काहींना नुसते पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, तर काहींना यांपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनी पाहिले, तो व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झालेली! नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो. व्यायाम हा तो गवंडी.

"मग वजनच उतरवते, उपास करते," असे कोणी म्हणेल. थांबा. २०११ साली अमेरिकेतच स्थूल अशा १०७ वृद्धांवरील वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी केवळ आहार कमी केला, त्यांचे वजन दहा टक्क्यांनी उतरले. पण चरबीखेरीजचा जो अंगाचा ऐवज, तोही पाच टक्के गेला. ज्यांनी बेताच्या आहाराला व्यायामाची जोड दिली, त्यांचे वजन नऊ टक्के उतरले, ऐवज तीनच टक्के गेला, आणि त्यांची चालण्या-उठण्याची क्षमता सर्वांत जास्त वाढली. आपल्याकडचे उपास तर साबुदाण्याचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्यात स्नायूला लागणारी प्रथिने नाहीतच म्हणा ना. एकादशी आणि दुप्पट खाशी, यात चरबी राहते आणि स्नायू उपाशी!

"जन्मभर राबले, आता कसला व्यायाम?" हा प्रश्नही रास्त आहे. पण जाते गेले, गिरणी आली; मुसळ गेले, नळ दारात आला. ते बरेच झाले. मात्र स्नायूला ओझे हवे, आणि ते हळूहळू वाढतेही हवे. घरकामाने थकवा येतो, ताकद वाढतेच असे नाही.

तेव्हा असे करा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर ठेवून उठा, सावकाश बसा. असे आठ-दहा वेळा. मग दम घेऊन पुन्हा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर गोधडीची घडी ठेवा, बैठक उंच होते. मग दाराची चौकट धरून टाचा उचला. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. ती दोन्ही हातांनी आलटून पालटून उचला. श्वास कोंडू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा. बारा वेळा सहज जमू लागले की थोडे वाढवा. बाकीचे दिवस चालावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, भोवळ आली, तर लगेच थांबा.

आणि खाणे? पन्नास-पंचावन्न किलो वजन शोभेल अशा बाईला रोज साधारण तितकीच ग्रॅम प्रथिने हवीत, थोडी अधिकही चालतील. मूठभर तूरडाळीचे घट्ट वरण, पेलाभर दूध, एक अंडे, मूठभर फुटाणे यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅम मिळतात. भाकरी आणि उसळही भर घालतात. मात्र एकाच जेवणात सारे नको. दोन्ही वेळच्या ताटात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रथिनांच्या पावडरी टाळा असेच सांगितले आहे. 'ड' जीवनसत्त्वही तपासणीत कमी आढळले तरच, सांगितल्या मापाने घ्यावे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच त्याची प्रचंड मात्रा दिली, तेव्हा त्यांचे पडणे कमी न होता वाढलेच; हे २०१० साली दिसून आले.

गुरुजी आणि बाई, तुम्हांलाही एक काम सांगतो. मुलांना घरी आजीची परीक्षा घेऊ द्या. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला आजीला किती सेकंद लागतात, ते घड्याळात पाहायचे. पंधरांहून अधिक लागले, तर पाय अशक्त झालेत असे समजावे. महिन्याने पुन्हा मोजावे. नातू मोजायला बसला की आजी व्यायाम चुकवत नाही!

आमच्या आत्याबाई आता भजनाला जातात. पाटावरून उठताना अजून एक हात जमिनीला टेकवावा लागतो; पण दुसऱ्या कोणाचा हात मागावा लागत नाही.