एल्फच्या रात्रीच्या खोड्या

नाताळच्या आधी अमेरिकेतल्या अनेक घरांत लाल कपड्यांतला एक सडपातळ बाहुला मुक्कामाला येतो: ‘द एल्फ ऑन द शेल्फ’. कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चांडा बेल यांनी 2005 साली त्याची गोष्ट पुस्तकरूपात आणली. पुस्तकासोबत बाहुलाही मिळतो. एल्फ दिवसभर मुलांवर नजर ठेवतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला खबर देतो आणि सकाळी घरात नव्याच जागी बसलेला सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, नाहीतर जादू उतरते.

जागा बदलण्याचं काम अर्थातच आईबाबांचं. पुढे नुसत्या जागाबदलावर भागेना, म्हणून खोड्या आल्या. ओट्यावर मूठभर मैदा पसरून त्यात बाहुल्याला उताणं झोपवून हातपाय हलवले, की बर्फात लोळल्याचा ठसा उमटतो. पण मूळ बाहुल्याचे हात एकमेकांना शिवलेले असतात. म्हणून हौशी पालक ते टाके उसवून आत तारही घालतात. ज्यांना एवढा वेळ नाही, ते फ्रीजमधल्या केळ्यांवर पेनाने डोळे-मिशा काढतात किंवा दुधात खायच्या हिरव्या रंगाचे दोन थेंब टाकतात. आवरायला काहीच नसलेली केळ्याची खोडी यांत सर्वांत शहाणपणाची. बाहुला हलवायचा राहूनच गेला, तर ‘पाय मुरगळलाय’ अशी त्याच्याच नावची चिठ्ठी वेळ मारून नेते.

मुलांना सतत पाळतीची सवय लागते, अशी टीकाही या खेळावर झाली आहे. त्यामुळे काही घरांत सांताकडची चहाडी वगळून फक्त खोड्याच चालतात.